आवाज चढविणारें अक्षर

छापील अक्षर मुकें असतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बोलणाऱ्याला आवाज चढवितां येतो, उतरवितां येतो, एखाद्या शब्दापाशीं क्षणभर थांबतां येतें; कागदावरच्या शब्दाला ही सोय नाहीं, असें मानलें जातें. परंतु वर्तमानपत्राचें पहिलें पान हातांत धरून तें न वाचतां नुसतें पाहत राहिलें, तर ही समजूत फार वेळ टिकत नाहीं. कांहीं अक्षरें तेथें कुजबुजत असतात, कांहीं शांतपणें हकीकत निवेदन करीत असतात, आणि कांहीं अगदीं अक्षरशः ओरडत असतात. ह्या ओरडणाऱ्या मंडळींपैकीं एका इंग्रजी अक्षराची हकीकत श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे. तें अक्षर जाड आहे, उजवीकडे झुकलेलें आहे, आणि त्याच्या टोकांवर कसलाहि अलंकार नाहीं. छापखान्यांतील त्याचें नांव ‘फ्यूचुरा बोल्ड ऑब्लिक’. नांव अनोळखी वाटलें तरी रूप अनोळखी नाहीं. तांबड्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या, जाड, तिरक्या अक्षरांत लिहिलेला ‘सुप्रीम’ हा शब्द मुंबई-पुण्याच्या रस्त्यांतून तरुण मुलांच्या सदऱ्यांवर पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यांतले बहुतेक सदरे नकली असतात. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणारी आहे.

नभोवाणीवरून अक्षर दाखवितां येत नाहीं. तेव्हां त्याची आकृति प्रथम शब्दांनींच उभी केली पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतलें एखादें मोठें ‘आय’ किंवा ‘टी’ डोळ्यांपुढें आणावें. त्याच्या उभ्या रेघेच्या पायथ्याशीं एक बारीक आडवी रेघ असते, खांबाखालच्या जोत्यासारखी. हिला ‘सेरिफ’ म्हणतात. मराठींत टोकरेघ म्हणावयास हरकत नाहीं. रोम शहरांत ट्रेजन बादशहाच्या स्तंभाखालीं इसवी सन ११३ मध्यें कोरलेल्या लेखांत ती अत्यंत डौलदार रूपांत दिसते, आणि युरोपच्या छापखान्यांनीं ती तेथून वारशानें घेतली. टोकरेघ काढून टाकलेलें अक्षर छापखान्याच्या खिळ्यांत पहिल्यानें दिसलें तें १८१६ सालीं, लंडनच्या विल्यम कॅस्लन घराण्यांतील चौथ्या विल्यमच्या नमुनापुस्तकांत; आणि तेंहि केवळ मोठ्या अक्षरांत. लोकांना तें उघडेंबोडकें वाटलें असावें, कारण पुढें ह्या जातीला ‘ग्रोटेस्क’, म्हणजे विचित्र, असें नांव पडलें.

जाडपणाची कुळकथा निराळी आहे. छपाईच्या पहिल्या साडेतीनशें वर्षांत जाड अक्षराची गरज फारशी कोणाला भासली नाहीं. छापखाना मुख्यतः पुस्तकें छापीत होता, आणि पुस्तकाचा वाचक दिव्याजवळ बसून सावकाश वाचीत असे. त्याच्यावर ओरडण्याचें कारण नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या भिंतींवर लॉटरीचे आणि नाटकांचे कागद चिकटूं लागले, आणि रस्त्यानें चालणाऱ्या मनुष्याला थांबविण्यासाठीं अक्षरें फुगूं लागलीं. १८४५ सालीं रॉबर्ट बेस्ली ह्या लंडनच्या ओतशाळावाल्यानें ‘क्लॅरेंडन’ नांवाचें एक जाड अक्षर काढलें. साध्या मजकुराच्या ओळींतच एखादा शब्द उठून दिसावा, कोशांतला मूळ शब्द चटकन सांपडावा, हा त्याचा उपयोग. त्या काळच्या इंग्रजी कायद्यान्वयें बेस्लीनें आपल्या आकृतीची नोंदणी केली आणि त्याला तीन वर्षांचें संरक्षण मिळालें. तीन वर्षें भरतांच इतर ओतशाळांनीं त्याच्या नकला बाजारांत आणल्या. अक्षर कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न निदान तेव्हांपासूनचा आहे.

तिरकेपणा ह्या दोहोंपेक्षांहि जुना. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्यूशियस ह्यानें १५०१ सालीं व्हर्जिल कवीचें पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत तिरक्या अक्षरांत छापलें. त्या अक्षराचे ठसे फ्रान्सेस्को ग्रिफो ह्या कारागिरानें कोरले होते. तें अक्षर त्यांनीं कल्पनेनें काढलें नव्हतें. इटलींतील कारकून आणि विद्वान घाईनें लिहितांना जें वळण वापरीत, त्याचीच ती धातूंतील प्रतिकृति होती. ज्यांनीं पेशव्यांच्या दप्तरांतले कागद पाहिले असतील, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. बाळबोध अक्षर एक एक सुटें काढावें लागतें. मोडींत हात उचलण्याची गरज कमी, आणि घाई जितकी जास्त तितकें अक्षर अधिक लपेटीचें. इटलीच्या तिरक्या अक्षराचें तेथील सरळ अक्षराशीं असलेलें नातें जवळजवळ मोडीच्या बाळबोधाशीं असलेल्या नात्यासारखेंच. फरक एवढाच कीं, युरोपांत ह्या दोन्ही वळणांना छापखान्यांत शेजारीशेजारी जागा मिळाली, आणि कांहीं काळानें तिरकें वळण सरळ मजकुरांतल्या एखाद्या शब्दावर भर देण्याचें काम करूं लागलें. मोडीच्या वांट्याला तें भाग्य आलें नाहीं. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मोडीचे खिळे पाडून पुस्तकें छापलीं खरीं, पण मराठी छपाईनें पुढें बाळबोधच पत्करलें, आणि मोडी भर देण्यासाठीं कधीं कोणीं वापरली नाहीं.

तिरक्या अक्षरावांचून काम भागवणारे लोक युरोपांतहि होते. जर्मनीची जुनी काळीभोर ‘फ्राक्टुर’ लिपि टोकदार, मोडक्या रेघांची. तिला तिरकी बहीण नव्हती. जर्मन जुळारी एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा झाला म्हणजे त्या शब्दाच्या अक्षरांत विरळ जागा सोडीत. देवनागरींत हाहि उपाय चालत नाहीं, कारण अक्षरें दूर केलीं कीं शिरोरेघ तुटते. म्हणून मराठी जुळाऱ्यानें जाड टाइप, अवतरणचिन्हें आणि क्वचित् शब्दाखालची रेघ एवढ्यांवरच संसार केला. फ्यूचुराची कथा ज्या देशांत घडली त्या देशांत छपाईची ही अशी परंपरा होती, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

पॉल रेनर हा ह्या अक्षराचा कर्ता. त्याचा जन्म १८७८ सालचा. तो मूळचा चित्रकार. पुढें म्यूनिकच्या एका प्रकाशकासाठीं पुस्तकांची मांडणी करूं लागला, आणि तीं पुस्तकें जुन्या वळणाचीं, सभ्य, सुबक अशीं होतीं. बंडखोर तरुणांत त्याची गणना कोणीं केली नसती. नव्या कलेचें माहेरघर समजल्या जाणाऱ्या बाउहाउस शाळेशीं त्याचा नोकरीचा संबंध कधींच आला नाहीं. १९२४ सालीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें एका नव्या अक्षराचीं रेखाटनें करण्यास प्रारंभ केला. फ्रँकफुर्टच्या बाउअर ओतशाळेनें तें अक्षर १९२७ सालीं विक्रीस काढलें, आणि तें आजच्या युगाचें अक्षर आहे अशी त्याची जाहिरात केली.

रेनरचा मूळ विचार असा होता. इंग्रजी अथवा जर्मन लिपींत मोठीं अक्षरें आणि लहान अक्षरें अशा दोन जाती आहेत, आणि त्या एका रक्ताच्या नाहींत. मोठीं अक्षरें रोमन दगडावरचीं. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण ह्यांनीं बांधलेलीं. लहान अक्षरें मध्ययुगांतल्या लेखण्यांतून उतरलेलीं. त्यांत हाताची चाल, बोटांचा कल, शाईचा चढउतार सर्व कांहीं शिल्लक. रेनरला हीं दोन कुळें एकत्र नांदवावयाचीं होतीं, आणि त्यासाठीं त्यानें लहान अक्षरांतून हाताची आठवण पुसून टाकण्याचा निश्चय केला. ‘ओ’ हें कंपासानें काढल्यासारखें वर्तुळ. लहान ‘ए’ म्हणजे एक वर्तुळ आणि त्याला टेकलेली एक उभी काठी. ‘जे’ला खालीं आंकडा नाहीं, नुसती रेघ आणि वर टिंब. त्याच्या पहिल्या कांहीं आकृत्या याहूनहि कडक होत्या. लहान ‘आर’ म्हणजे एक काठी आणि तिच्या खांद्याजवळ सुटें टिंब, असाहि एक प्रकार होता. ओतशाळेनें अशीं रूपें हळूहळू माणसाळविलीं, आणि तें योग्यच झालें; वाचकाला भूमिति शिकविणें हें वाचनाच्या अक्षराचें काम नव्हे.

शिवाय ही भूमिति दिसते तितकी खरी नाहीं. डोळा हा मोठा लबाड परीक्षक आहे. सारख्या जाडीच्या दोन रेघा काढल्या, तर त्याला आडवी रेघ उभीपेक्षां जाड वाटते. सारख्या उंचीचें वर्तुळ आणि चौकोन शेजारीं ठेवले, तर वर्तुळ ठेंगणें वाटतें. म्हणून फ्यूचुराच्या आडव्या रेघा किंचित् बारीक आहेत, ‘ओ’ ओळीच्या वरखालीं थोडा बाहेर डोकावतो, आणि जेथें वर्तुळ काठीला भिडतें तेथें रेघ हळूच निमुळती होते. यंत्राचें वाटणारें हें अक्षर पुन्हा पुन्हा हातानेंच दुरुस्त करावें लागलें आहे.

ह्या अक्षराचीं तिरकीं रूपें १९३० च्या सुमारास आलीं, आणि तेथें एक मजेदार पेंच उभा राहिला. व्हेनिसच्या परंपरेंतलें तिरकें अक्षर केवळ झुकलेलें नसतें. त्याची घडणच निराळी असते. पुस्तकी सरळ ‘ए’ला दोन मजले असतात, तिरका ‘ए’ एकमजली होतो, कारण घाईनें लिहिणारा हात वरचा मजला गाळतो. परंतु रेनरनें सरळ अक्षरांतच ‘ए’ एकमजली केला होता, आणि हाताची आठवण तर मुळांतच पुसली होती. मग तिरक्या रूपांत बदलावयाचें काय? ज्याला चालच नाहीं त्यानें घाई दाखवावी कशी? सरळ आकृति तशीच घेऊन ती झुकविणें, एवढाच मार्ग उरला. म्हणूनच ह्या जातीला ‘इटॅलिक’ न म्हणतां ‘ऑब्लिक’, म्हणजे नुसतें कललेलें, म्हणतात.

पण झुकविणें हेंहि वाटतें तितकें सोपें नाहीं. श्रोत्यांनीं कल्पना करावी कीं, पत्त्यांचा एक जोड टेबलावर नीट रचून ठेवला आहे, आणि त्याच्या समोरच्या कडेवर शाईनें जाड रेघेचें एक वर्तुळ काढलें आहे. आतां वरचे पत्ते क्रमाक्रमानें थोडे उजवीकडे सरकवावे. वर्तुळाचें कललेलें लंबवर्तुळ होतें, हें अपेक्षितच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. उजव्या वरच्या आणि डाव्या खालच्या अंगाला रेघ सुजते. डाव्या वरच्या आणि उजव्या खालच्या अंगाला ती झिजते. मोठ्या ‘ए’चे, त्या तंबूसारख्या अक्षराचे, दोन पाय घेतले तर डावा पाय अधिक पडतो आणि रोडावतो, उजवा उभा राहतो आणि लठ्ठ होतो. बारीक अक्षरांत हा दोष नजरेंत भरत नाहीं. जाड अक्षरांत तो लंगड्या मनुष्यासारखा उघड दिसतो. म्हणून चांगला कारागीर अक्षर झुकविल्यावर प्रत्येक वळण पुन्हा हातांत घेतो, सूज उतरवितो, झीज भरून काढतो. कोन किती ठेवावा ह्यालाहि मर्यादा आहे. बहुधा आठ ते बारा अंश. याहून कमी कललें तर छपाईंत चूक झाल्याचा संशय येतो, आणि फार कललें तर अक्षर पडेल कीं काय अशी धास्ती वाटते. जाडपणाची अडचण आणखी निराळी. रेघ जाड होत गेली कीं अक्षराच्या पोटांतली पांढरी जागा आकसत जाते, आणि सांध्याच्या कोपऱ्यांत शाई तुंबते. तेथें आंतून पाचर मारल्यासारखी जागा मोकळी सोडावी लागते. फ्यूचुराचें सर्वांत धिप्पाड रूप रेनरच्या हातचें नाहींच; तें एडविन शार ह्या अमेरिकन कारागिरानें १९५२ सालीं काढलें, आणि त्याचा तिरका जोडीदार १९५५ सालीं आला.

संगणक आल्यापासून ही सर्व मेहनत टाळण्याची सोय झाली आहे. एक कळ दाबली कीं कोणतेंहि अक्षर झुकतें, देवनागरीसुद्धां. त्याचा परिणाम मराठी जाहिरातींत आणि मथळ्यांत रोज पहावयास मिळतो. देवनागरी अक्षर रोमन अक्षरासारखें जमिनीवर उभें नसतें. तें शिरोरेघेला टांगलेलें असतें. तें यंत्रानें झुकविलें म्हणजे वरची रेघ आडवीच राहते आणि खालचे काने तेवढे एका बाजूला जातात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना वारा लागावा तसा शब्द दिसतो. कललेलें देवनागरी होऊंच शकत नाहीं असें नव्हे. बोरूनें भराभर लिहिणाऱ्या हाताला स्वतःचा कल असतोच, आणि त्या कलावरून नवें वळण बसवितां येईल. पण तें काम कारागिराचें आहे, कळीचें नव्हे.

रेनरकडे पुन्हा वळलें पाहिजे, कारण त्याच्या अक्षराचे आकार ज्या काळांत ठरत होते त्या काळानें त्याची सत्त्वपरीक्षा घेतली. म्यूनिक येथील मुद्रणविद्यालयाचा तो प्रमुख होता, आणि यान चिकोल्ड हा नव्या मुद्रणकलेचा तरुण पुरस्कर्ता त्याच्या हाताखालीं शिकवीत होता. त्या वर्षांत नाझी पक्ष नव्या चित्रकलेला, नव्या घरांना आणि नव्या अक्षरांना एकाच शब्दानें झोडपीत असे: ‘सांस्कृतिक बोल्शेव्हिझम’. रेनरनें तोच शब्द घेऊन, त्यापुढें प्रश्नचिन्ह घालून, एक लहानसें पुस्तक लिहिलें आणि तें १९३२ सालीं स्वित्झर्लंडमधील झूरिक येथें प्रसिद्ध झालें. चोपन्न वर्षांचा, जुन्या चालीरीतींत वाढलेला, सरकारी नोकरींतला मनुष्य. त्याला गप्प बसणें सहज शक्य होतें. १९३३ च्या मार्चमध्यें चिकोल्डला अटक झाली, एप्रिलमध्यें रेनरला. दोघेहि लवकरच सुटले. चिकोल्ड देश सोडून बाझल येथें गेला, रेनर पदावरून दूर झाला आणि पुढें कॉन्स्टन्स सरोवराच्या काठीं राहूं लागला.

ह्यांतली विसंगति पुढें उघड झाली. ज्या फ्राक्टुरचा खरें जर्मन अक्षर म्हणून एवढा डांगोरा पिटला गेला, तेंच अक्षर नाझी सरकारनें जानेवारी १९४१ च्या एका परिपत्रकानें ज्यूंचें ठरवून बाद केलें. त्या परिपत्रकाच्या शिरोभागीं छापलेलें पक्षाचें नांव मात्र फ्राक्टुरमध्येंच होतें. आणि रेनरचें अक्षर? त्याचा कर्ता नकोसा झाला तरी अक्षर ओतशाळेच्या यादींत राहिलें, परदेशीं विकलें गेलें, आणि खुद्द त्या राजवटीच्या छपाईंतहि वापरलें गेलें. अक्षराला अटक करतां येत नाहीं. पण त्याचबरोबर अक्षराला निष्ठाहि नसते.

अमेरिकेंत फ्यूचुराचें स्वागत इतकें झालें कीं, तेथील ओतशाळांनीं त्याच्या जवळजवळ तंतोतंत आवृत्त्या निराळ्या नांवांनीं काढल्या. १९५९ पासून न्यू यॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख ह्या जाहिरात-मंडळीनें लहानग्या फोक्सवॅगन मोटारीच्या जाहिराती ह्याच अक्षरांत छापल्या. जुलै १९६९ मध्यें अपोलो ११ च्या यानाबरोबर चंद्रावर जो धातूचा पत्रा ठेवण्यांत आला, त्यावरील मजकूरहि फ्यूचुराच्या मोठ्या, उभ्या अक्षरांत आहे. उभें फ्यूचुरा हें असें सभ्य, स्थितप्रज्ञ अक्षर. तेंच जाड करून झुकविलें म्हणजे त्याचा स्वभाव कसा बदलतो, हें एका स्त्रीनें दाखवून दिलें.

बार्बरा क्रूगर ह्यांचा जन्म १९४५ सालीं न्यू जर्सींतील नेवार्क येथें झाला. न्यू यॉर्कमध्यें स्त्रियांसाठीं निघणाऱ्या मासिकांच्या कचेरींत त्या पानांची मांडणी करीत असत. मासिकाच्या पानावर वाचकाला कोठें थांबवावें, कोणत्या छायाचित्रावर कोणता शब्द ठेवला म्हणजे तिला वस्तु विकत घ्याविशी वाटते, ही विद्या त्या तेथें शिकल्या. १९८० च्या सुमारापासून त्यांनीं ती विद्या उलटी फिरविली. जुन्या मासिकांतलें काळेंपांढरें छायाचित्र, त्यावर तांबडी पट्टी, आणि पट्टींत पांढऱ्या अक्षरांत एखादें छोटें वाक्य, बहुतेक वेळां ‘तूं’ आणि ‘मी’ ह्या शब्दांनीं बांधलेलें. अक्षर प्रायः फ्यूचुरा बोल्ड ऑब्लिक. १९८७ च्या एका चित्रांत देकार्त ह्या तत्त्वज्ञाचें विचार आणि अस्तित्व ह्यांविषयींचें प्रसिद्ध वचन मोडून त्यांनीं विचाराच्या जागीं खरेदी घातली. १९८९ सालीं गर्भपाताच्या हक्कासाठीं वॉशिंग्टन येथें ९ एप्रिल रोजीं निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चाकरितां त्यांनीं जें भित्तिपत्रक केलें, त्यांत एका स्त्रीचा चेहरा मधोमध दुभंगलेला आहे. अर्धा नेहमीसारखा, अर्धा छायाचित्राच्या उलट्या फिल्मसारखा. त्यावरील वाक्याचा आशय, स्त्रीचें शरीर हेंच रणांगण, असा आहे. त्या वेळीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें त्या हक्काचाच प्रश्न होता. १९७३ च्या निकालानें मिळालेला तो हक्क त्याच न्यायालयानें २०२२ सालीं काढून घेतला.

हेंच अक्षर त्यांनीं कां निवडलें असावें, ह्याचें एक उत्तर तरी छापखान्यांत सांपडतें. पांढरें अक्षर छापतां येत नाहीं. भोंवतालचा रंग छापून अक्षराची जागा कोरी सोडावी लागते. ओली शाई कडेकडेनें आंत सरकते. बारीक टोकरेघांचें नाजूक अक्षर असेल तर तांबडा रंग तें गिळून टाकतो. टोकें नसलेलें जाड अक्षर तग धरतें. भिंतीवर चिकटविलेला कागद दुरून, चालतां चालतां वाचला जातो, तेथेंहि हेंच लागू. आणि कल? उभें जाड अक्षर फलकासारखें दिसतें. तेथें सरकार, बँक किंवा रेल्वे बोलत असते. झुकलेल्या अक्षरांत कोणीतरी एक मनुष्य पुढें वाकून समोरच्याशीं बोलत असल्याचा भास होतो. हाताची आठवण पुसून घडविलेल्या अक्षरांत व्यक्तीचा सूर ह्या आठ-दहा अंशांनीं परत आला. मात्र तो सूर चार-पांच शब्दांपुरताच. ह्या अक्षरांत एक संपूर्ण परिच्छेद जुळवला, तर अर्धा तास एकाच पट्टींत ओरडणाऱ्या वक्त्याचें ऐकण्याचा शीण वाचकाला येतो.

आतां सुप्रीमची पट्टी. १९९४ सालीं जेम्स जेबिया ह्यानें न्यू यॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर चाकांच्या फळीवरून खेळणाऱ्या मुलांसाठीं एक दुकान काढलें. दुकानाचें चिन्ह म्हणजे तांबडी पट्टी आणि तिच्यांत पांढरें, जाड, तिरकें फ्यूचुरा. तें क्रूगरबाईंच्या चित्रांवरून घेतलें, हें दुकानवाल्यांनीं नाकारलें नाहीं. खरेदीच्या वेडावर ज्या मांडणीनें टीका केली, तीच मांडणी अंगावर घालून मिरविण्यासाठीं लोक रांगा लावून उभे राहूं लागले. बाई गप्प राहिल्या. २०१३ सालीं मात्र प्रकरणाला गंमतीचें वळण लागलें. लिआ मॅकस्वीनी ह्या कपड्यांच्या व्यवसायांतल्या बाईंनीं सुप्रीम ह्या शब्दाला स्त्रियांना दिली जाणारी एक शिवी जोडून तशाच पट्टीचे सदरे विकले होते. सुप्रीमनें आपलें चिन्ह चोरल्याबद्दल त्यांच्यावर एक कोटी डॉलरचा दावा केला. ज्या आकृतीच्या मालकीसाठीं दावा होता, ती मुळांत ज्यांच्या चित्रांतून आली त्या क्रूगरबाईंना एका नियतकालिकानें प्रतिक्रिया विचारली. त्यांनीं ई-मेलमधून एक फाइल पाठविली. मूर्ख लोक, असें त्या फाइलीचें नांव होतें. असल्याच प्रहसनांवर आपण चित्रें काढतों, आणि आतां ही सर्व मंडळी आपल्यावरच नकलेचा खटला कधीं भरतात त्याची वाट पाहत आहों, असा उत्तराचा मतलब होता. दावा पुढें आपसांत मिटला.

कायद्याच्या दृष्टीनें पाहतां ह्या भांडणांत अक्षराचा कोणी वालीच नव्हता. अमेरिकेंत अक्षराच्या आकृतीला ग्रंथकर्त्याच्या हक्कासारखें संरक्षण मिळत नाहीं, असा निर्णय तेथील एका अपील न्यायालयानें १९७८ सालीं दिला; संगणकावर तें अक्षर उमटविणारी आज्ञावली तेवढी संरक्षित धरली जाते. व्यापारी चिन्ह म्हणून एखाद्या शब्दाची पट्टी नोंदवितां येते, पण तींतल्या अक्षराचा झोंक नोंदवितां येत नाहीं. रेनर १९५६ सालींच वारला होता. बाउअर ओतशाळा १९७२ सालीं बंद झाली आणि फ्यूचुराचे हक्क बार्सिलोनाच्या एका ओतशाळेकडे गेले. दरम्यान त्या तांबड्या पट्टीची किंमत बाजारानें ठरविली: २०२० सालीं व्ही. एफ. कॉर्पोरेशननें सुप्रीम कंपनी २१० कोटी डॉलरला घेतली, आणि २०२४ सालीं तिनें ती चष्म्यांच्या व्यापारांतल्या एसिलॉरलक्झोटिका कंपनीला १५० कोटींना देऊन टाकली. मुंबईच्या पदपथावर तोच सदरा विकणारा मनुष्य ह्या हिशेबांत कोठेंच नाहीं. पण त्याच्या सदऱ्यावर छापलेलें अक्षर, छपाई बरी असेल तर, तितकेंच अस्सल असतें.

क्रूगरबाईंनीं त्या पट्टीला उत्तर दिलें तें ह्या विक्रीच्या आधींच. २०१७ सालीं न्यू यॉर्कमधील एका कलामहोत्सवांत त्यांनीं मुलांच्या फळ्यांच्या खेळाच्या मैदानावर आपलीं वाक्यें रंगविलीं, तात्पुरतें एक दुकान थाटून त्यांत सदरे आणि फळ्या विक्रीस ठेवल्या, आणि शहराच्या भुयारी आगगाडीच्या पन्नास हजार तिकिटांवर आपला मजकूर छापविला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत सुप्रीमनें आपलें चिन्ह छापलेलीं तिकिटें काढलीं होतीं, आणि तीं मिळविण्यासाठीं स्थानकांत झुंबड उडाली होती. बाईंच्या तिकिटांवर प्रश्न होते: उपचार कोणाला मिळतो, घर कोणाला मिळतें, बोलतो कोण आणि गप्प कोण. स्थानकांतल्या यंत्रांत पैसे टाकले म्हणजे नेहमीच्या तिकिटाऐवजीं तें कोणाच्याहि हातांत पडे.